गहू होता, डॉलर नव्हते

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि काही दिवसांतच काळ्या समुद्रातली धान्यवाहतूक थांबली. त्या वेळी सर्वाधिक धास्ती घेतली ती इजिप्तने. या देशाला वर्षाला साधारण दोन कोटी टन गहू लागतो, त्यातला निम्म्याहून अधिक बाहेरून येतो, आणि बाहेरून येणाऱ्या गव्हापैकी सुमारे ८० टक्के तोवर रशिया आणि युक्रेन या दोनच देशांतून येत होता. परक्याच्या शेतावर जगणाऱ्याचे असेच होते, गहू स्वतः पिकवायला हवा होता, असा निष्कर्ष जगभरच्या भाष्यकारांनी लगेच काढला. पुढच्या दोन वर्षांतल्या घटना पाहिल्या तर तो निष्कर्ष अपुरा ठरतो. जुलै २०२२ मध्ये तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने इस्तंबूलमध्ये करार झाला, युक्रेनची जहाजे पुन्हा निघाली, आणि वर्ष संपायच्या आत जागतिक बाजारात गव्हाचे भाव बरेच उतरले. इजिप्तची ओढाताण मात्र त्यानंतर वाढली. युद्धाच्या सुरुवातीला एका डॉलरला सोळा पौंडांहून थोडे कमी मोजावे लागत. जानेवारी २०२३ मध्ये हा दर तीसच्या घरात गेला आणि मार्च २०२४ मध्ये पन्नासच्या जवळ पोहोचला. मधल्या काळात धान्य आणि पशुखाद्य बंदरात येऊन पडले होते, पण बँकांकडे डॉलर नसल्याने व्यापाऱ्यांना ते सोडवून घेता येत नव्हते. जगात गहू होता, इजिप्तच्या धक्क्यावरही होता. तो गिरणीपर्यंत नेणारी आर्थिक वाट तेवढी बंद झाली होती.

अन्नसुरक्षेची चर्चा बहुधा ‘किती पिकते’ या प्रश्नापाशी घोटाळत राहते. मुस्लिमबहुल देशांचा अनुभव पाहता खरा कस वेगळ्या जागी लागतो असे मला वाटते. धान्य येण्याची एक वाट बंद झाली तर दुसरी आहे का, ती वापरायचा निर्णय वेळेत होतो का, आणि आलेले धान्य ज्याच्या हातात पैसा नाही त्याच्यापर्यंत पोहोचते का, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या देशाने आधीच तयार ठेवली तो सावरतो. ज्याने ठेवली नाहीत तो कोठारे भरलेली असतानाही उपाशी राहू शकतो.

इथे एक आक्षेप आधीच घ्यायला हवा. मुस्लिमबहुल देश असा एक गट करून शेतीचा विचार करणे कितपत योग्य? इस्लामी सहकार्य संघटनेचे ५७ सदस्य आहेत. त्यात गहू निर्यात करणारा कझाकस्तान आहे, भातावर जगणारा इंडोनेशिया आहे, वाळवंटातले श्रीमंत कतार आहे आणि साहेल पट्ट्यातले अत्यंत गरीब नायजरही आहे. धर्माचा आणि पिकाचा कार्यकारणसंबंध नाही, आणि तो लावणे चुकीचे ठरेल. तरी हा गट अगदीच निरर्थक नाही, याला दोन कारणे आहेत. मोरोक्कोपासून इराणपर्यंतचा पृथ्वीवरचा अतिशय कोरडा पट्टा याच देशांच्या वाट्याला आला आहे आणि आजची सर्वांत भीषण उपासमार याच गटातल्या काही युद्धग्रस्त देशांत आहे. शिवाय अन्नप्रश्नावर एकत्र काम करण्यासाठी या देशांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या आहेत. त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे कळण्यासाठी अनुभव एकत्र मांडावे लागतात.

इजिप्तचाच अनुभव आधी नीट पाहू, कारण तो सर्वांत बोलका आहे. नाईलच्या दोन्ही काठांची आणि तिच्या मुखाजवळची जमीन सोडली तर देश वाळवंट आहे. शेतीखालची जमीन एकूण क्षेत्रफळाच्या चार टक्क्यांच्या आसपास, आणि माणसे दहा कोटींहून अधिक. शेतकरी कमी पडतो असे म्हणायला जागाच नाही. तिथे गव्हाचे उत्पादन हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास आहे, भारतीय सरासरीच्या जवळपास दुप्पट. सगळी जमीन गव्हाखाली आणली तर बरसीमचा चारा, भाजीपाला आणि परकीय चलन मिळवून देणारी फळे कुठे घ्यायची? तेव्हा या देशाला धान्य विकत घ्यावेच लागणार. सरकारने ‘बलदी’ नावाच्या अनुदानित रोटीच्या रूपाने त्याची एक सामाजिक घडी बसवली. जानेवारी १९७७ मध्ये अन्वर सादात यांच्या सरकारने आंतरराष्ट्रीय कर्जदात्यांच्या आग्रहावरून अन्नावरची अनुदाने कापली, तेव्हा दोन दिवस शहरे पेटली, सत्तरहून अधिक माणसे गेली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्याचा धसका पुढच्या प्रत्येक सरकारने बाळगला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रोटीची किंमत पाच पियास्टर होती, म्हणजे पौंडाचा विसावा भाग. ती थेट जून २०२४ मध्ये वीस पियास्टर झाली. मधली पस्तीस वर्षे किमतीला हात न लावता रोटीचे वजन कमी करण्याची वाट सरकारने धरली. २०२० मध्ये ते ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आणले गेले.

अर्थतज्ज्ञांना या अनुदानाचे वावडे आहे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वर्षानुवर्षे स्वस्त पीठ बेकऱ्यांना दिले जाई आणि त्यातले बरेच काळ्या बाजारात जाई. ज्याला गरज नाही त्यालाही रोटी मिळे, गुरांनाही घातली जाई. २०१४ पासून ही पद्धत बदलली. बेकरीला पीठ बाजारभावाने घ्यावे लागते आणि कार्डावर नोंदल्या गेलेल्या प्रत्येक रोटीमागे सरकार फरक भरून देते. माणशी रोज पाच रोट्या, आणि न घेतलेल्या रोट्यांच्या बदल्यात तांदूळ किंवा तेल. आपल्याकडच्या रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था आहे. तिलाही छिद्रे पडली. २०१६ मध्ये सरकारी खरेदीत नसलेला गहू कागदावर दाखवल्याचे संसदीय समितीने उघड केले आणि पुरवठामंत्र्यांना जावे लागले. तरीही माझे मत असे, की २०२२ नंतर पौंड कोसळत असताना आणि बाजारातली बहुतेक प्रत्येक वस्तू महागत असताना सुमारे सात कोटी माणसांच्या ताटात रोज रोटी आली ती या व्यवस्थेमुळे. अनुदान पोकळ आहे म्हणून ते मोडा, हा सल्ला देणाऱ्यांनी त्या दोन वर्षांत दुसरे काय हाताशी होते हेही सांगायला हवे. अनुदानावरचा रास्त आक्षेप वेगळा आहे. पाच रोट्यांनी पोट भरते, पोषण होतेच असे नाही. इजिप्तमध्ये २०१८-१९ मध्ये झालेल्या देशव्यापी तपासणीत सुमारे ४० टक्के प्रौढ लठ्ठ आढळले. कार्डावर डाळ, कडधान्य आणि अंडी यांना रोटीइतकेच महत्त्व मिळाले असते तर तेवढाच पैसा अधिक कामी आला असता.

रोटीवाटपासारखीच सुधारणा गोदामांतही झाली. पूर्वी गहू ‘शूना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उघड्या आवारांत पोत्यांतून पडून राही; उंदीर, पाखरे आणि धूळ आपापला हिस्सा नेत. गेल्या दहा वर्षांत सायलोंची क्षमता अडीच-तीन पटींनी वाढली. नासाडी टळलेला प्रत्येक टन हा डॉलर न मोजता मिळालेला टन असतो, आणि वाळवंटातल्या देशासाठी गव्हाच्या नव्या शेतापेक्षा असा सायलो अधिक किफायतशीर ठरतो. याची चर्चा फार कमी होते, कारण सायलोच्या उद्घाटनाला हिरव्या शेताची शोभा नसते.

स्वतःच पिकवण्याचा हट्ट काय करतो, हे सौदी अरेबियाने दाखवून दिले आहे. तेलाच्या पैशाच्या जोरावर त्या देशाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस वाळवंटात गहू लावायला घेतला. सरकार शेतकऱ्याला जागतिक भावाच्या कित्येक पट दर देत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर देश गव्हात स्वयंपूर्ण झाला, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या मोठ्या निर्यातदारांत गणला जाऊ लागला. उत्पादन चाळीस लाख टनांपर्यंत गेले होते. हे सगळे उभे होते जमिनीखालच्या हजारो वर्षांपूर्वीच्या पाण्यावर. ते पाणी पावसाने पुन्हा भरून निघत नाही. २००८ मध्ये सरकारने देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले आणि २०१६ पर्यंत ती थांबली. ज्या पाण्याचा खरा उपयोग अडीनडीच्या वेळी झाला असता, ते सुबत्तेच्या काळात स्वस्त गहू निर्यात करण्यात गेले. नंतर सौदी सरकारी कंपनीने कॅनडा, युक्रेन आणि भारतातल्या तांदूळ उद्योगासह अनेक ठिकाणी गुंतवणूक केली. श्रीमंताला परवडणारी ही वाट आहे, पण तिच्यामागचे तत्त्व शहाणपणाचे आहे: पुरवठा अनेक दिशांनी यावा.

कतारने जून २०१७ मध्ये याचा धडा घेतला. सौदी अरेबियासह चार देशांनी संबंध तोडले आणि ज्या एकमेव जमिनीवरच्या सीमेवरून देशाचे सुमारे ४० टक्के अन्न येत होते ती बंद झाली. तुर्कस्तान, इराण आणि ओमानमार्गे माल वळवण्यात आला. आपल्या न्हावा शेवा आणि मुंद्रा बंदरांतूनही हमाद बंदराकडे थेट जहाजे सुरू झाली. गाजावाजा झाला तो विमानातून आणलेल्या हजारो गाईंचा, आणि वर्षभरात देश दुधात स्वयंपूर्ण झाल्याची घोषणाही झाली. पण वातानुकूलित गोठ्यातल्या त्या गाईंचा चारा परदेशातून येतो. म्हणजे दुधावरचे अवलंबित्व चाऱ्यावर सरकले. कतारला तारले ते पर्यायी बंदराने, नव्या पुरवठादारांनी आणि हाती असलेल्या पैशाने.

पैसा नसलेल्या देशाचे काय, याचे उत्तर शोधायला बांगलादेशाकडे जावे लागते. १९७४ च्या पुरानंतर तिथे दुष्काळ पडला. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की आसपासच्या वर्षांच्या तुलनेत त्या वर्षी माणशी धान्याची उपलब्धता सर्वांत जास्त होती. पुरामुळे शेतमजुरांची कामे गेली, साठेबाजीने तांदूळ महागला, आणि ज्यांच्या हातात मजुरी नव्हती ते गेले. क्युबाला तागाची पोती विकल्याच्या कारणावरून अमेरिकेने त्याच वर्षी अन्नमदत रोखली होती. मदतीची एकच वाट असणे किती धोक्याचे, हे त्या नवजात देशाला तेव्हा कळले. पुढच्या पन्नास वर्षांत तांदळाचे उत्पादन साधारण एक कोटी टनांवरून पावणेचार कोटी टनांच्या पुढे गेले. उन्हाळी बोरो भात, उथळ कूपनलिका आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस पंप-इंजिनांच्या आयातीवरची बंधने सैल करण्याचा निर्णय यांचा त्यात मोठा वाटा. २०१० मध्ये तिथल्या भात संशोधन संस्थेने ‘ब्री धान ५१’ आणि ‘ब्री धान ५२’ ही वाणे दिली. दोन आठवडे पाण्याखाली राहूनही ती तग धरतात.

पण उत्पादन वाढले म्हणून बांगलादेश सुरक्षित झाला, असे म्हणणे पुन्हा त्याच चुकीकडे नेते. त्या देशाच्या दोन पुरांची तुलना करून पाहा. १९९८ मध्ये दोन तृतीयांश देश दोन महिन्यांहून अधिक काळ पाण्याखाली होता, पावसाळी अमन भात बुडाले. १९७४ ची पुनरावृत्ती होईल अशी भीती होती, ती झाली नाही. काही वर्षांपूर्वीच सरकारने खासगी व्यापाऱ्यांना तांदूळ आयातीची मुभा दिली होती, त्यामुळे सीमेपलीकडून लाखो टन तांदूळ झपाट्याने आला आणि भाव आवाक्यात राहिले. सोबत कार्डावर गरीब कुटुंबांना मोफत धान्यवाटप झाले. आता २०१७ पाहा. मार्च-एप्रिलमध्ये ईशान्येकडच्या ‘हाओर’ या पाणथळ भागात अवकाळी पुराने बोरो पीक गेले. नुकसान १९९८ पेक्षा फारच कमी होते. पण शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून आयातीवर २८ टक्के कर होता आणि सरकारी साठा तळाला गेला होता. कर जूनमध्ये १० टक्क्यांवर आणि ऑगस्टमध्ये २ टक्क्यांवर आणला, तोवर तांदूळ विक्रमी महाग झालेला होता. अधिक पिकवणारा बांगलादेश लहान पुरात डळमळला, कारण निर्णयाला तीन-चार महिने उशीर झाला. शेतकऱ्याला संरक्षण देऊ नये असे मी म्हणत नाही. साठा अमुक पातळीखाली गेला की कर आपोआप उतरेल, असा नियम आधी लिहून ठेवता येतो, आणि तो शेतकरी व ग्राहक दोघांनाही कळतो.

या आयातीची दुसरी बाजू, म्हणजे निर्यातदाराचा निर्णय, महाराष्ट्राशी जोडलेली आहे. बांगलादेश हा भारतीय कांद्याच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक. २९ सप्टेंबर २०१९ ला भारताने कांदानिर्यात थांबवली. काही दिवसांतच बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, आणि आपण स्वयंपाक्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितल्याचे त्यांनी जाहीर कार्यक्रमात म्हटले. पुढच्या महिन्यात त्यांच्या देशाने इजिप्त आणि तुर्कस्तानहून विमानाने कांदा मागवला. सप्टेंबर २०२० मध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंदी पुन्हा आली. लासलगाव, पिंपळगाव, चांदवडला त्या दिवशी लिलावात काय होते, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. आपल्या ग्राहकाला आधी पाहण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, हा आक्षेप इथे येतो, आणि तो टाळता येणार नाही. पण एका रात्रीत काढलेल्या अधिसूचनेने तो हक्क बजावला की नुकसान दोन्हीकडे होते. ढाक्यात कांदा दुपटीने महागतो आणि निफाडच्या शेतकऱ्याचे हुकमी गिऱ्हाईक तुटते. बांगलादेशाने पुढे स्वतःची लागवड वाढवली, इतर देशांकडून खरेदी सुरू केली. त्यांच्या दृष्टीने ते शहाणपणच आहे. गव्हाचेही तेच झाले. एप्रिल २०२२ मध्ये इजिप्तच्या तपासनिसांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि पंजाबात येऊन पाहणी केली, भारताला पुरवठादार म्हणून मान्यता दिली, आणि १३ मे रोजी भारताने गहूनिर्यात बंद केली. कांडल्याला भरत असलेले ६१,५०० टनांचे जहाज तेवढे सोडले गेले.

बांगलादेशात पाणी आणि गाळाची जमीन आहे, येमेनला किंवा जॉर्डनला हा अनुभव काय कामाचा, असे विचारले जाईल. बोरो भात नक्कीच तिकडे नेता येणार नाही. पण आयातीला अनेक परवानाधारक असणे, साठ्याची किमान पातळी ठरवणे आणि संकटापूर्वीच गरिबाच्या हातात कार्ड असणे, या तिन्ही गोष्टींना पाऊस लागत नाही. अधिक अवघड आक्षेप युद्धाचा आहे. येमेनमध्ये धान्यापैकी सुमारे ९० टक्के आयात होते आणि त्यातले बहुतेक हुदैदा बंदरातून. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या क्रेन बॉम्बहल्ल्यात निकामी झाल्या. सप्टेंबर २०१८ पासून पुढचे पाच महिने त्याच शहरातल्या रेड सी मिल्सच्या कोठारांत सुमारे ५१,००० टन गहू पडून होता. सदतीस लाख माणसांना महिनाभर पुरेल एवढा. आघाडीची रेषा मध्ये असल्याने तो काढता येत नव्हता. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासूनच्या यादवीने गेझिरासारखा शंभर वर्षे जुना कालव्यांचा प्रदेश उद्ध्वस्त केला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरच्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे नोंदला गेला. वर्षभराने, ऑगस्ट २०२५ मध्ये, गाझाचे नाव त्या नोंदीत आले. तिथे अन्न सीमेपलीकडे ट्रकमध्ये उभे होते. अशा जागी शेतीधोरण अपुरे पडते हे खरेच आहे. अन्नाला वाट करून देणे हे तिथे युद्धविरामाच्या वाटाघाटीतले पहिले कलम असायला हवे, आणि ती वाट अडवणे गुन्हा मानला जायला हवा.

युद्धातही काही वाचवता येते, हे मात्र अलेप्पोजवळच्या तेल हादयाने दाखवले. कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या ‘इकार्डा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची बीजपेढी तिथे होती: गहू, सातू, मसूर, हरभरा, बाकला यांचे सुमारे दीड लाख नमुने. सीरियातले युद्ध जवळ येण्याआधीच संशोधकांनी त्यांच्या प्रती नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फाळ कोठारात पाठवायला सुरुवात केली होती. २०१५ मध्ये त्या कोठारातून पहिल्यांदाच कुणी बियाणे परत काढले ते याच संस्थेने. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरून पुन्हा वाढवले गेले आणि २०१७ पासून प्रती स्वालबार्डला परतू लागल्या. कमी पाण्यावर येणारा उद्याचा गहू या नमुन्यांतून निघणार आहे.

इस्लामी सहकार्य संघटनेची अन्नसुरक्षेसाठीची स्वतंत्र संस्था कझाकस्तानात अस्तानाला आहे. इस्लामी विकास बँकेने जुलै २०२२ मध्ये अन्नसंकटासाठी दहा अब्ज डॉलरहून मोठा कार्यक्रम जाहीर केला. पैसा आणि सचिवालय दोन्ही आहेत. नाही तो संकटात आपोआप खुला होणारा सामायिक साठा. आग्नेय आशियाने चीन, जपान आणि दक्षिण कोरियाला सोबत घेऊन तसा तांदळाचा राखीव साठा केला आहे, ७ लाख ८७ हजार टनांचा. त्यात इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई आहेत. म्हणजे भागीदार निवडताना धर्मापेक्षा जहाजाचे अंतर आणि पिकांचे वेळापत्रक जुळणे महत्त्वाचे. आपल्या सार्क देशांची अन्नपेढी मात्र गरजेच्या वेळी जवळजवळ वापरलीच गेलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बांगलादेशाच्या व्यापारमंत्र्यांनी दिल्लीत येऊन गहू, तांदूळ, साखर, कांदा अशा जिनसांचा वार्षिक ठराविक कोटा मागितला होता: बंदी आली तरी एवढा माल मिळेल, अशी लेखी हमी. त्यानंतर वर्षभरातच कांदाबंदी पुन्हा लागली. ती हमी दिली गेली असती तर ढाक्यातल्या ग्राहकाला दिलासा मिळाला असता, आणि त्या आठवड्यात ट्रॅक्टर भरून बाजार समितीत आलेल्या नाशिकच्या शेतकऱ्याकडे निदान एक निश्चित गिऱ्हाईक उरले असते.